‘हत्ती पाहिला’: अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची पत्रे आणि त्यांची बोली

आपल्याकडे जुन्या पत्राची एक ठरलेली वाट असे. आरंभी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, मग ‘येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवीत जावे’, त्यानंतर ‘पत्रास कारण की’, आणि शेवटी थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद. ही वाट चालून गेल्यावाचून कोणी मुद्द्याला हात घालीत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–१८६५) लढलेल्या सैनिकांची पत्रे मी प्रथम वाचू लागलो, तेव्हा तिथेही हुबेहूब अशीच एक वाट आढळली आणि गंमत वाटली. मी लेखणी हाती घेऊन कळवतो की माझी प्रकृती बरी आहे, आणि या चार ओळी तुम्हांला मिळतील तेव्हा तुम्हीही याच कृपेत असाल अशी आशा करतो: उत्तरेचा असो वा दक्षिणेचा, शेतकरी असो वा सुतार, जवळजवळ प्रत्येक जण याच वाक्याने सुरुवात करतो. शाळेत गिरवलेले, वडिलांच्या पत्रात पाहिलेले हे वाक्य. आणि मग चौथ्या-पाचव्या ओळीत ही वाट मोडते. लिहिणारा लिहायचे सोडतो आणि बोलू लागतो.

या लेखात त्या बोलण्याचाच विचार करायचा आहे.

एवढी पत्रे लिहिली कशी गेली, हे प्रथम पाहू. दोन्ही बाजूंचे मिळून तीस लाखांच्या आसपास लोक या युद्धात उतरले. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या सैनिकांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक साक्षर होते. त्यापूर्वीच्या कोणत्याही मोठ्या युद्धात सामान्य शिपाई इतक्या प्रमाणात लिहिता नव्हता. टपालही सोयीचे होते. उत्तरेच्या सैनिकाने पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ अशी नोंद केली की तिकीट नसले तरी पत्र जाई आणि तीन सेंटची रक्कम घरचे लोक भरीत. १८६१ च्या जुलैमध्येच तसा कायदा झाला. दक्षिणेकडे कागदाचा दुष्काळ पडला, तेव्हा आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरणे, भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या मागे लिहिणे, भरलेले पान आडवे करून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिणे, असे सर्व उपाय झाले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पत्रांवर सरकारी तपासनीस बसवलेला नव्हता. पुढील शतकातील महायुद्धांत सैनिकांची पत्रे सहसा अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून गेली. यादवी युद्धातील शिपाई मात्र मनात येईल ते लिहू शकत होता. आपल्या सेनापतीला गाढवही म्हणू शकत होता, आणि अनेकांनी म्हटलेही आहे.

याच युद्धाने मुंबईतील कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच १८६५ साली अनेक पेढ्या बुडाल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्या कापसाच्या शेतांतून आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या छावण्यांतून घरी गेलेल्या पत्रांकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही.

‘हत्ती’पासून सुरुवात करू. पहिली लढाई पाहिलेला सैनिक घरी लिहितो की मी ‘हत्ती पाहिला’. हा वाक्प्रचार त्या युद्धात जन्मला नाही. १८४६ ते १८४८ च्या मेक्सिकन युद्धातील सैनिकांच्या आणि १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेल्यांच्या तोंडीही तो होता. त्यामागे एक कथा सांगतात. एका शेतकऱ्याने सर्कशीतील हत्ती कधी पाहिला नव्हता. भाजीपाल्याने भरलेली गाडी घेऊन तो बाजाराला निघाला असता वाटेत सर्कशीची मिरवणूक आली. हत्ती पाहून घोडे उधळले, गाडी उलटली, सारा माल मातीत गेला. शेतकरी म्हणाला, नुकसान झाले ते होवो, हत्ती तर पाहिला! कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात जे आहे तेच सैनिकाला सांगायचे होते: ज्याची हौस होती ते पाहिले, आणि त्याची किंमत मोजली. आपल्या देशात हत्ती देवळापुढे उभा असतो, त्यामुळे या शब्दातील धक्का आपल्याला चटकन जाणवत नाही. आयोवा किंवा ओहायोच्या खेड्यातील एकोणीस वर्षांच्या मुलाला हत्ती म्हणजे जगात सांगितले जाते पण आपल्या वाट्याला येत नाही असे काहीतरी. शायलोच्या किंवा अँटिएटमच्या रानातून तो बाहेर आला तेव्हा त्याला ‘लढाई’ हा शब्द पुरेनासा झाला असावा. किती माणसे पडली, शेजारचा मित्र कसा पडला, हे आईला लिहवत नाही. ‘हत्ती पाहिला’ एवढे लिहवते. पुढे तोच सैनिक असेही लिहितो की आता पुन्हा हत्ती पाहायची मला मुळीच इच्छा नाही.

पळून जाण्याला त्या काळात एक नवा शब्द मिळाला: ‘स्किडॅडल’. १८६१ साली तो छापील मजकुरात दिसू लागला आणि पाहता पाहता दोन्ही सैन्यांत पसरला. शत्रू ‘स्किडॅडल’ करतो. आपले लोक मात्र ‘माघार घेतात’, हे ओघानेच आले. हा शब्द आला कोठून यावर त्याच वेळी वृत्तपत्रांत वाद रंगला. कोणी तो स्वीडिश म्हटला, कोणी आयरिश. एखाद्या विद्वानाने तो ग्रीक ‘स्केडान्नुमी’ म्हणजे विखुरणे, पांगवणे या क्रियापदाशी जोडला. सेमिनरीत ग्रीक धातुरूपांशी झगडलेल्या माझ्यासारख्याला ही व्युत्पत्ती खरी ठरावी असे फार वाटते, परंतु अभ्यासकांनी ती स्वीकारलेली नाही. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या बोलीत दूध वगैरे सांडण्यासाठी असा शब्द होता, तेथून तो आला असावा, हा तर्क त्या मानाने साधा आहे. शिपायांना शब्द ग्रीक व्याकरणातून मिळण्यापेक्षा सांडलेल्या दुधातून मिळणे अधिक संभवते.

पोटाच्या बाबतीत मात्र या पत्रांचा शब्दसंग्रह खरोखर अफाट आहे. शिपायाचे मुख्य अन्न म्हणजे पीठ व पाण्याची, सुमारे तीन इंच लांबरुंद आणि अर्धा इंच जाड अशी कडक बिस्किटे. त्यांना ‘हार्डटॅक’ म्हणत. पण पत्रांत ती ‘दात बोथट करणारी’, ‘लोखंडी पत्रे’ आणि ‘अळ्यांचे किल्ले’ होतात. कॉफीत बुडवली की आतील किडे वर तरंगत, ते चमच्याने बाजूला काढून कॉफी प्यायची. मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यातील सैनिक जॉन बिलिंग्ज याने १८८७ साली ‘हार्डटॅक अँड कॉफी’ हे पुस्तक लिहिले. त्या बिस्किटांच्या खोक्यांवर इंग्रजीत ‘बी. सी.’ अशी अक्षरे असत. ती पुरवठा खात्याची खूण. पण ‘ख्रिस्तपूर्व’ हाच तिचा अर्थ, तेव्हाच ही बिस्किटे भाजली गेली, असे शिपाई म्हणत. भाज्या वाळवून, दाबून त्यांच्या वड्या पाठवीत. ‘वाळवलेल्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी ‘भ्रष्ट केलेल्या, विटाळलेल्या’ या अर्थाचा शब्द उच्चाराने जवळचा आहे. शिपायांनी एक-दोन अक्षरे बदलली आणि सरकारी भाजी विटाळून टाकली. खारवलेले गोमांस हे ‘खारा घोडा’ झाले. छावणीत ज्याच्या हातून नेहमी कॉफी सांडते, जो अंधारात दुसऱ्याच्या पायावर पाय देतो, त्या अपशकुनी माणसाला ‘योना’ म्हणत. बायबल घरोघरी वाचले जात होते याची ही नोंद कोणत्याही जनगणनेपेक्षा मला अधिक बोलकी वाटते. जहाजावरील वादळ ज्याच्यामुळे आले तो संदेष्टा कोण, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हसता हसता वाचक ज्या ठिकाणी थांबतो ते ठिकाण यापुढे आहे. सैनिकांच्या अंगावरील उवांना ‘ग्रेबॅक’ म्हणजे राखी पाठीचे म्हणत. दक्षिणेच्या सैनिकाचा गणवेशही राखी, म्हणून तोही ‘ग्रेबॅक’. आणि दक्षिणेच्या सरकारची घसरत चाललेली कागदी नोटही ‘ग्रेबॅक’. शर्ट काढून उवा मारीत बसण्याला ‘चकमक’ असे नाव होते. ऊ आणि माणूस यांना एकच शब्द आणि त्यांच्याशी करायच्या व्यवहारालाही एकच शब्द! हे केवळ विनोदाने घडले, असे म्हणून पुढे जाता येत नाही. ज्याच्यावर उद्या गोळी झाडायची त्याला आज उवेच्या नावाने हाक मारली की काम सोपे होते. तरीही याच पत्रांत पहाऱ्यावरील दोन शत्रू नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना ‘जॉनी’ आणि ‘यँक’ अशी हाक मारतात आणि छोट्या फळकुटाच्या होडीतून तंबाखू व कॉफी यांची देवघेव करतात. उत्तरेकडे तंबाखू दुर्मिळ, दक्षिणेकडे कॉफी. देवघेवीच्या वेळी ‘ग्रेबॅक’ हा शब्द मागे पडतो आणि ‘जॉनी’ पुढे येतो.

शत्रूच्या मुलखातून जाताना अन्न लुटण्याचेही असेच. डुक्कर, कोंबडी, मधाची पोळी यांच्या चोरीला शिपायाने कधी चोरी म्हटले नाही. या डुकराने संघराज्याशी एकनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला म्हणून त्याला शिक्षा करावी लागली, असा विनोद पत्रांतून पुनःपुन्हा येतो. फुटीर राज्यांच्या बाजूच्या माणसाला ‘सेसेश’ म्हणत; मग कोंबडीही ‘सेसेश’ ठरली. घरी वाचणाऱ्यांनी या ओळींवर हसून पान उलटले असेल. त्या कोंबड्या पाळणारी बाई आणि तिची मुले त्या हिवाळ्यात काय खाऊन राहिली, हे त्या विनोदात येत नाही. मला हा विनोद आवडत नाही, तरी तो वाचताना दर वेळी ओठ हलतातच, हेही कबूल करायला हवे.

यादवी युद्धात मेलेल्यांचा जुना हिशेब सुमारे ६ लाख २० हजार असा होता. २०११ साली जनगणनेच्या आधारे केलेल्या नव्या मांडणीत तो साडेसात लाखांच्या आसपास गेला. यांतील सुमारे दोन-तृतीयांश माणसे गोळीने नव्हे तर रोगाने मेली. एकट्या उत्तरेच्या सैन्यात अतिसार व आमांश यांच्या सतरा लाखांहून अधिक नोंदी आहेत. आता पत्रे पाहा. तिथे हा रोग ‘टेनेसीची दुडकी चाल’ किंवा ‘व्हर्जिनियाची जलद कवायत’ अशा नावांनी येतो. ‘क्विकस्टेप’ हे खरे तर संचलनाच्या एका जलद तालाचे नाव. पोट धरून झाडामागे धावणाऱ्याला ते चपखल बसले. आईने हे वाचून काय समजायचे? मुलगा थट्टा करतो म्हणजे बरा आहे, असेच तिने समजावे ही त्याची इच्छा असावी. हजारो मुले ज्या रोगाने मेली त्याचे नाव थट्टेचे होते. इस्पितळ हा शब्द अनेकांना लिहिता येत नसे. ते ऐकू आला तसा ‘हॉर्सपिटल’ असे काहीतरी लिहीत, म्हणजे जणू घोड्यांचे. कावीळ ‘जाँडर्स’ होते, न्यूमोनियाची तर प्रत्येकाची वेगळी तऱ्हा.

या चुकीच्या स्पेलिंगांना दीर्घकाळ कोणी मान दिला नाही. पत्रे वृत्तपत्रात छापली गेली तेव्हा संपादकांनी ती सुधारली. नातवंडांनी पुस्तक काढले तेव्हा आजोबांची अब्रू राखण्यासाठी त्यांनीही सुधारली. काही पत्रे तर सुधारण्यापलीकडची म्हणून जाळली गेली. सैनिक ज्या गोष्टी भावाला लिहीत पण आईला लिहीत नसत, त्यांच्याविषयी थॉमस लॉरी या अभ्यासकाने १९९४ साली पुस्तक लिहिले तेव्हा कित्येक वाचक दचकले. त्याआधी बेल आयर्विन वायली या इतिहासकाराने १९४३ साली दक्षिणेच्या आणि १९५२ साली उत्तरेच्या सामान्य शिपायाचे चरित्र हजारो पत्रांतून उभे केले आणि पत्रांतील बोली, शिव्या, शब्दांची ओबडधोबड रूपे जशीच्या तशी पुढे ठेवली. १९९७ साली जेम्स मॅकफर्सन यांनी सुमारे पंचवीस हजार पत्रे आणि अडीचशेच्या आसपास रोजनिशा चाळून सैनिक का लढले याचा शोध घेतला. मायकेल एलिस यांनी तर २०१३ साली नॉर्थ कॅरोलिनातील अर्धशिक्षित सैनिकांच्या पत्रांवरून त्या काळच्या बोलीचा कोशच सिद्ध केला. ज्याला स्पेलिंग येत नव्हते त्याने कानाने लिहिले. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचा उच्चार आज कळतो तो अडाण्याच्या पत्रातून; वकिलाच्या पत्रातून तो कळत नाही.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एक वृद्ध बाई आखातात कामाला गेलेल्या मुलाची पत्रे वाचून घेण्यासाठी चर्चच्या कचेरीत येत असे. तरुण वयाच्या अहंकाराने मी त्याचे मोडके वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून वाचत असे. एकदा तिने मला थांबवले. म्हणाली, “फादर, असं नाय बोलत माझा पोर. त्यानं काय लिवलंय ते वाचा.” त्यानंतर मी अक्षरन्‌अक्षर वाचू लागलो.

आपल्या भूमीशीही या विषयाचा एक धागा आहे. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहत. कंटाळा, ऊन, दारू आणि ताप यांनी काहींचे डोके फिरे. त्या शिपायांनी गावाचे नाव ‘डुलाली’ केले, आपल्याकडचा ‘ताप’ त्याला जोडला, आणि ‘डुलाली टॅप’ म्हणजे वेड लागणे असा शब्द इंग्रजीला दिला. आजही इंग्लंडमध्ये एखाद्याला ‘डुलाली’ म्हणतात. आपल्या हिंदी शिपायांच्या बोलीचे नशीब इतके चांगले नव्हते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या सैनिकांच्या पत्रांसाठी १९१४ साली तपासनीसांचे कार्यालय निघाले. त्यात निवडलेले उतारे इंग्रजीत भाषांतरित झाले आणि बहुतांशी ते भाषांतरच उरले. एका पत्रात काळी मिरी संपत आल्याचे व लाल मिरची फारशी वापरली न गेल्याचे लिहिले आहे. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. मिरचीच्या या सांकेतिक भाषेमुळे तो विनोद भाषांतरातूनही जिवंत राहिला. बाकीचे बोलणे इंग्रजी वाक्यांत विरघळून गेले.

अमेरिकेतही सर्वांना लेखणी मिळालेली नव्हती. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णी सैनिक दाखल झाले. त्यांतील बहुसंख्य गुलामगिरीतून आलेले, आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला शिकवणे हाच गुन्हा होता. पळून आलेल्या गुलामांना १८६१ च्या मे महिन्यात जनरल बटलर यांनी ‘युद्धात जप्त केलेला माल’ या अर्थी ‘काँट्राबँड’ ठरवले, म्हणजे त्यांना मालकांकडे परत पाठवावे लागू नये. कायद्याची ती पळवाट दयेची होती, पण शब्द मालाचा होता, आणि गोऱ्या सैनिकांच्या पत्रांत तो माणसांसाठी सर्रास रुळला. मिसूरीतील एका कृष्णवर्णी सैनिकाने १८६४ च्या सप्टेंबरमध्ये, आपल्या मुलीला अजून गुलाम म्हणून ठेवणाऱ्या बाईला पत्र पाठवले आहे. त्यात एकही थट्टेचा शब्द नाही. ती मुलगी देवाने मला दिलेली आहे, तिच्यावर हक्क माझा आहे, आणि आम्ही सैन्यासह येत आहोत, असे तो तिला बजावतो. स्पेलिंग जागोजाग चुकलेले आहे. वाक्य मात्र एकही डळमळत नाही.

वॉशिंग्टनच्या इस्पितळांत कवी वॉल्ट व्हिटमन खाटेखाटेपाशी बसून जखमी सैनिकांची पत्रे लिहून देत असत. पुढे १८८५ साली त्यांनी अमेरिकेतील अशिष्ट बोलीवर एक निबंध लिहिला आणि त्यात निरनिराळ्या राज्यांच्या सैनिकांना मिळालेली टोपणनावे नोंदवली. बोलीला भाषेची घाण न समजता भाषेचा जिवंत झरा समजणारा तो निबंध आहे. इस्पितळातील त्या रात्रींनी त्यांचे कान तयार केले असावेत असे मला वाटते.

एका गोष्टीपाशी मात्र ही सर्व बोली गळून पडते. मित्र मेला हे छावणीत सांगताना शिपाई त्याला ‘कामावरून मोकळे केले’ असे म्हणे. त्याच मित्राच्या आईला पत्र लिहायला बसला की शब्द बदलत. तो शांतपणे गेला, त्याला शुद्ध होती, त्याने प्रार्थना केली, त्याने तुमची आठवण काढली. ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात अशा शेकडो पत्रांचा विचार केला आहे. मध्ययुगातील ‘आर्स मोरिएंदी’, म्हणजे चांगले मरण कसे यावे याची शिकवण, पुढे प्रॉटेस्टंट घरांतही रुजली, आणि घरच्यांना मृत्युशय्येजवळ नसतानाही हीच चिन्हे हवी असत, असे त्या दाखवून देतात. सगळेच मृत्यू तसे नव्हते, हे लिहिणाराला ठाऊक होते. ते खोटे होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीही अशा घरांत जाऊन बसलो आहे.

१८६१ च्या जुलैत मेजर सलिव्हन बलू यांनी पत्नीस लिहिलेले पत्र १९९० सालच्या दूरदर्शन मालिकेमुळे जगभर गाजले. ते सुंदर आहे, पण ते एका वकिलाचे आणि राजकारणी माणसाचे पत्र आहे, आणि त्याच्या आज केवळ नकला उपलब्ध आहेत. मला वारंवार आठवते ते दुसरे. १० मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत मिसिसिपीचा एक साधा शिपाई खांद्याला तोफगोळा लागून पडला. त्याने वडिलांना पत्र लिहिले. आपण मरणार हे त्याला कळले होते, आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले आहे. त्या पत्रात ना हत्ती आहे, ना जलद कवायत. कागदावर रक्ताचे डाग आहेत. चार दिवसांनी तो मेला. मित्राने वडिलांना कळवले की त्याची कबर खूण करून ठेवली आहे, म्हणजे पुढे त्याला घरी नेता येईल. घरच्यांना ती कबर कधीच सापडली नाही.